नोकरी करता करता एमबीबीएसची तयारी : राजीनामा सगळ्यात शेवटी

तिशीच्या आसपास डॉक्टर व्हायचं मनावर घेणारी माणसं नाशकात कमी नाहीत. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले इंजिनिअर, खासगी हॉस्पिटलमधल्या नर्स, मेडिकल स्टोअर चालवणारे फार्मसिस्ट, बीएस्सी करून बँकेत चिकटलेले. कष्टाला ही माणसं मागे हटत नाहीत, पण बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी राजीनामा देतात, मग कॉलेज रोडच्या क्लासची वर्षाची फी एकरकमी भरतात, आणि नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा फॉर्म उघडल्यावर कळतं की बारावीला बायोलॉजी नव्हतं. किंवा परीक्षा चांगली जाते आणि अधिवास प्रमाणपत्राअभावी राज्याच्या कोट्यातून बाहेर पडावं लागतं.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. एक पुरा झाल्याशिवाय पुढच्यावर पैसे खर्च करू नका.

टप्पा १ : पात्रता कागदावर तपासा

बारावीची गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवा. आठवणीवर जाऊ नका.

वयाची चिंता आधी सोडा. नीट-यूजीला वरची वयोमर्यादा राहिलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा तो निर्णय मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. कितीदा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. खालची अट तेवढी आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. ती तुम्ही कधीच ओलांडली आहे.

आता गुणपत्रिकेत तीन गोष्टी बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी हे विषय आहेत का? त्या सगळ्यांत वेगवेगळे उत्तीर्ण आहात का? आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गासाठी ५० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, खुल्या वर्गातल्या दिव्यांगांसाठी ४५ टक्के भरतात का?

तपासून पाहा : टक्केवारी फक्त या तीन विषयांची धरायची. बारावीला एकूण ६२ टक्के आहेत म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची तीन विषयांची बेरीज ३०० पैकी १४१ निघालेली मी पाहिली आहे. भाषा आणि गणिताने टक्के वर ओढलेले असतात. खुल्या वर्गात १५० च्या खाली एक गुणही चालत नाही.

बारावी किती वर्षांपूर्वी झाली याने फरक पडत नाही. पदवी कुठली, मुक्त विद्यापीठाची की इंजिनिअरिंगची, यानेही नाही. एमबीबीएसचं दार बारावीच्या गुणपत्रिकेवरच उघडतं.

टप्पा २ : बायोलॉजी नसेल, किंवा बारावीच नसेल तर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे हा टप्पा सावकाश वाचा.

*बारावी सायन्स, पण गणित घेतलेलं, बायोलॉजी नाही.* पूर्वी अशा विद्यार्थ्यांना परत फिरावं लागायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून बायोलॉजी हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण केला तरी नीटला बसता येतं. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, आपलं राज्य मंडळ. बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसणाऱ्यांचा एक प्रकार मंडळाकडे असतो आणि अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. दुसरी, राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथे आधीच बारावी झालेल्यांना एक ते चार विषयांपुरता आंशिक प्रवेश मिळतो. बायोलॉजीचा विषय क्रमांक ३१४. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

*आर्ट्स किंवा कॉमर्स.* एका विषयाने भागणार नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतील, प्रॅक्टिकलसह. नीटच्या अभ्यासाचं वर्ष यानंतर धरा. दोन्ही एकाच वर्षात उरकण्याचा हट्ट करणाऱ्यांचं बहुधा दोन्हीकडे नुकसान होतं.

*दहावीनंतर डिप्लोमा.* नाशकात हा गट मोठा आहे. डिप्लोमा आणि त्यावर इंजिनिअरिंगची पदवी असली, तरी पात्रतेसाठी लागणारे बारावीचे विषय त्याने भरून निघत नाहीत. तुम्हाला इंग्रजीसकट बारावी सायन्स करावी लागेल.

सावधान : प्रॅक्टिकल नसलेली बायोलॉजी कामाची नाही. ज्या कॉलेजातून किंवा अभ्यासकेंद्रातून फॉर्म भराल तिथे प्रॅक्टिकल कधी, कुठे आणि जर्नलवर सही कोणाची, हे फॉर्म भरण्याआधी विचारा. सगळं घरबसल्या उरकून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहा. असं प्रमाणपत्र प्रवेशाच्या पडताळणीत सापडलं तर सीट जाते, वर गुन्हा.

सावधान : राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. जादा विषयासाठी परराज्यातलं एखादं मंडळ सोपं म्हणून निवडलंत, तर नीटची पात्रता मिळेल आणि राज्याचा कोटा धोक्यात येईल. एनआयओएस घेतलंत तर अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच ठेवा.

विषयाचा निकाल प्रवेशप्रक्रियेच्या आधी हातात हवा. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल त्याच वर्षी चालतो. ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी धरा.

टप्पा ३ : वर्षांचा आणि पैशाचा हिशेब

घरच्यांना सोबत बसवून हा हिशेब करा. एकट्याने केलेला टिकत नाही.

एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. शासकीय कॉलेजातून झालात तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे सरकारने सांगितलेल्या ठिकाणी करायची नोकरी. पुढे एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं. आज तिशीत आहात आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला असं धरलं, तर इंटर्नशिप संपेल तेव्हा साडेछत्तीस, बंधपत्र संपेल तेव्हा साडेसदतीस, आणि स्पेशालिस्ट व्हाल तेव्हा चाळिशी ओलांडलेली. हा आकडा जोडीदारासमोर मोठ्याने म्हणून बघा. त्यावर त्यांचं जे म्हणणं असेल ते पूर्ण ऐका.

या काळात नोकरी चालणार नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. संध्याकाळचं किंवा पत्राद्वारे एमबीबीएस असा प्रकार अस्तित्वात नाही.

फीबाबत शासकीय आणि खासगी हे दोन वेगळे हिशेब मांडा. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती वर्षाला अनेक लाखांत जाते. आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आणि इगतपुरी तालुक्यातलं एसएमबीटी ही दोन्ही खासगी. नाशिकमध्ये आता शासकीय कॉलेजही आहे. आपल्या विभागात धुळे, जळगाव, नंदुरबार इथेही शासकीय कॉलेजं आहेत. घरापासून लांब राहावं लागेल हे धरूनच चाला. ‘नाशिक मिळालं तरच’ या अटीवर तयारी करणाऱ्याने आपली शक्यता स्वतःच कमी केलेली असते.

गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर आधी त्याची सोय. शैक्षणिक कर्ज मिळतं, पण शिकत असताना व्याज चढत राहतं हे विसरू नका. आईवडिलांचा आणि मुलांचा आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर नोकरीबरोबर तोही जाईल. बहुतेकांच्या कागदावर ही ओळ नसते. ती लिहा.

टप्पा ४ : काम जवळून पाहा

ओळखीच्या डॉक्टरांना विनंती करून त्यांच्या ओपीडीत काही सकाळी बसा. रुग्णांची परवानगी त्यांनाच घेऊ द्या. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात सोमवारी सकाळी केसपेपरच्या रांगेजवळ एक तास थांबून नुसतं पाहा. चालू वर्षाच्या एखाद्या इंटर्नशी बोला आणि रात्रपाळी कशी जाते ते विचारा. प्रोफेसरांपेक्षा इंटर्न जास्त उपयोगाचं सांगतात. यानंतरही इच्छा तितकीच असेल तर पुढे चला.

आयुर्वेदाच्या, म्हणजे बीएएमएसच्या प्रवेशालाही नीटच लागते. ती वाट तुम्हाला मान्य आहे का, हे आत्ताच ठरवून लिहून ठेवा. निकालाच्या रात्री घाईत घेतलेला निर्णय साडेपाच वर्षं टोचत राहतो.

टप्पा ५ : कागदपत्रं आधी, पुस्तकं नंतर

शाळेतून थेट येणाऱ्या मुलांचे कागद कॉलेज जमवून देतं. तुमचे तुम्हालाच जमवायचे आहेत, आणि त्यातले काही दहा-बारा वर्षं जुने आहेत.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढा. जून-जुलैत सगळं शहर तिथे रांगेत असतं. तुम्ही जानेवारीत जा. शेवटच्या कॉलेजचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत हवा. नोकरीला लागताना तो कुठल्या फाइलमध्ये गेला ते आज शोधा, हरवला असेल तर दुय्यम प्रत मागा. शिक्षणात खंड आहे, त्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात नोकरीची वर्षं तारखांसकट लिहा. नोकरीच्या तारखा आणि गॅपच्या तारखा जुळल्या पाहिजेत.

राखीव प्रवर्गातून जाणार असाल तर जातप्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला महिने लागू शकतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा, काम सोपं होतं. नॉन-क्रीमीलेयरची मुदत प्रवेशाच्या वर्षाला पुरते का ते तारखेवरून बघा.

लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंसाठी : दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं, अशी अवस्था फार जणींची असते. नीटचा फॉर्म दहावीच्या नावाने भरायचा असं ठरवा आणि आधार त्याला जुळवून घ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही फाइलला लावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे सुधारत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

तपासून पाहा : सगळ्या कागदांवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? एका अक्षराचा फरकही आत्ताच दुरुस्त करा.

टप्पा ६ : अभ्यास

परीक्षा काय आहे ते आधी व्यवस्थित समजून घ्या. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. पर्यायी प्रश्नांचा भाग काढून टाकला आहे. म्हणजे निम्मे गुण, ३६०, बायोलॉजीचे.

इंजिनिअर नेमकं हेच विसरतात. फिजिक्स जमतं म्हणून त्यातच रमतात, सूत्र पहिल्यापासून सिद्ध करून बघतात. इथे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट आहे. त्यांनी पहिले दोन महिने बायोलॉजीला द्यावेत आणि फिजिक्सला रोज ठरावीक वीस-पंचवीस गणितांवर थांबावं. नर्स आणि फार्मसिस्ट यांची अडचण वेगळी. शरीराचा भाग ओळखीचा वाटतो म्हणून वाचला जात नाही, आणि वनस्पतींचं वर्गीकरण, फुलाची रचना, प्रकाशसंश्लेषण मागे राहतं. शिवाय बारा वर्षांत लॉग आणि त्रिकोणमिती विसरलेली असते. त्यांनी फिजिक्सच्या आधी तीन आठवडे नववी-दहावीचं गणित काढावं. त्यात कमीपणा काही नाही, पुढचा सगळा वेळ त्याने वाचतो.

पुस्तकं कमी ठेवा. अकरावी-बारावीची एनसीईआरटी, प्रत्येक विषयाला प्रश्नांचं एक पुस्तक आणि मागच्या वर्षांचे पेपर. आयोगाने जाहीर केलेला अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा आणि त्यात नसलेला धडा कितीही आवडता असला तरी सोडा. तुमची बारावी जुन्या अभ्यासक्रमाची आहे, तेव्हाच्या वह्या बाजूला ठेवा.

बायोलॉजी कशी वाचायची ते एका पानावरून सांगते. अकरावीच्या पुस्तकात रक्ताभिसरणाचा धडा आहे. मिनिटाला ७२ ठोके, एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणून मिनिटाला जवळपास ५ लिटर. एका हृदयचक्राला ०.८ सेकंद. पुढे ईसीजीची आकृती : पी लहर म्हणजे कर्णिकांचं विध्रुवीकरण, क्यूआरएस म्हणजे जवनिकांचं, टी लहर म्हणजे जवनिका पूर्वस्थितीला येणं, आणि टी संपली की आकुंचन संपलं. वाचून झालं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृती काढा, चारही आकडे लिहा. मग स्वतःला उलटे प्रश्न घाला : ठोके ८० झाले आणि रक्त ५ लिटरच राहिलं, तर एका ठोक्याला किती? (६२.५ मिलिलिटर.) आयसीयूत रोज मॉनिटर पाहणारी नर्ससुद्धा इथे चुकते, कारण तिचा हात उपचाराकडे जातो आणि प्रश्न मात्र पुस्तकातली व्याख्या मागतो. एका पानाला अर्धा तास लागेल. लागू द्या. तीन वेळा नुसतं वाचण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

नोकरीच्या दिवसांत दोन सत्रं पुरेशी आहेत : पहाटे दोन तास गणितं, रात्री दीड तास वाचन. थकलेल्या डोक्याने गणितं सोडवू नका, चुकीची पद्धत पक्की होते. शिफ्ट फिरती असेल तर घड्याळाप्रमाणे वेळापत्रक करू नका. ‘झोपेतून उठल्यावर पहिले दोन तास’ असं करा, ते तिन्ही पाळ्यांत चालतं. घरात जागा नसेल तर अभ्यासिका लावा, पण ती कामाच्या किंवा घराच्या वाटेवरची असू द्या. नाशिकरोडला राहून गंगापूर रोडची अभ्यासिका लावणाऱ्याचा तास-दीड तास रोज द्वारकेच्या गर्दीत जातो.

क्लास लावायचा का? फिजिक्स आणि केमिस्ट्रीत पाया कच्चा असेल तर हो. पण अठरा वर्षांच्या मुलांची दिवसभराची बॅच तुमच्यासाठी नाही. फी हप्त्याने भरता येईल अशी संध्याकाळची किंवा ऑनलाइन बॅच पाहा, आणि पैसे देण्याआधी दोन तास वर्गात बसून बघा.

टप्पा ७ : सराव पेपर

अर्धा अभ्यासक्रम झाला की सराव पेपर सुरू करा, पूर्ण होण्याची वाट पाहू नका. रविवारी दुपारी २ ते ५, कारण नीट त्याच वेळेला असते. जेवणानंतरची सुस्ती त्या दिवशी तुम्हाला नवी वाटता कामा नये. छापील ओएमआर (उत्तरांचे गोल भरायचा कागद), काळं बॉलपेन, फोन दुसऱ्या खोलीत.

वेळेची वाटणी मी अशी सुचवेन : बायोलॉजी ४५ मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेली २० ओएमआर आणि फेरतपासणीला. गोल शेवटी एकदम भरायला ठेवू नका. प्रत्येक विषय संपला की भरा.

पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे बारीक खूण करा : खात्रीचं, दोन पर्यायांतला अंदाज, निव्वळ अंदाज. तपासताना तिन्हींचे गुण वेगळे काढा. पाच अंदाजांत एक बरोबर आला तर हाती शून्य, दोन आले तर ५ गुण. तुमचे अंदाज कुठे पडतात हे आठ-दहा पेपरांत कळतं, आणि मग प्रश्न सोडायचा की मारायचा हे परीक्षेत ठरवत बसावं लागत नाही.

सावधान : ‘अमुक गुण पडले की सीट पक्की’ या बोलण्यावर विसंबू नका. २०२४ ला ७२० पैकी ७२० गुण घेणारे अनेक होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. पेपर बदलला की गुणांचा अर्थ बदलतो. क्रमांक बघा, तोही राज्याच्या गुणवत्ता यादीतला.

टप्पा ८ : अर्ज

फॉर्म स्वतः भरा, सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर आणि ई-मेल देऊ नका. पुढची सगळी प्रवेशप्रक्रिया त्याच नंबरवर चालते.

पेपरची भाषा विचारपूर्वक निवडा. मराठी प्रश्नपत्रिका मिळते, तिच्यात इंग्रजी मजकूरही असतो, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. ज्यांचा अभ्यास इंग्रजी पुस्तकांतून झाला आहे त्यांनी इंग्रजीच घ्यावी. मराठी संज्ञा परीक्षेत पहिल्यांदा वाचायला लागल्या तर वेळ जातो.

टप्पा ९ : प्रवेशफेऱ्या, आणि मगच राजीनामा

नीटचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं यांची प्रक्रिया एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी राबवते. राज्याच्या ८५ टक्के जागांची राज्य सीईटी सेल, म्हणजे राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळ्या तारखा. एकीकडे केली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही.

पसंतीक्रम भरताना मिळण्याची शक्यता धरून क्रम लावू नका, खऱ्या आवडीने लावा. मात्र ज्या कॉलेजची फी टप्पा ३ च्या कागदात बसत नाही ते यादीत टाकूच नका. जागा मिळाल्यावर सोडण्याचे नियम फेरीगणिक बदलतात आणि अनामत रक्कम जाऊ शकते. प्रत्येक फेरीची सूचना पूर्ण वाचा.

आता नोकरी. जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, आणि तुमचा नोटीस पिरियड एक ते तीन महिन्यांचा असतो. नोकरदारांची खरी अडचण इथे होते. म्हणून नीटचा निकाल लागला, क्रमांक आवाक्यात दिसला की नेमणूकपत्र काढून नोटीसऐवजी पगार भरून सुटता येतं का ते वाचा. शिल्लक रजा त्या महिन्यांसाठी राखून ठेवा. कंपनीकडे तुमची मूळ प्रमाणपत्रं जमा असतील तर ती आधी परत मागा, कारण कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं. राजीनामा मात्र जागावाटपाचं पत्र हातात आल्याच्या दिवशीच द्या, त्याआधी नको.

कॉलेजात हजर होताना मूळ कागदांचा एक संच, झेरॉक्सचे तीन संच, फीचा डीडी किंवा कॉलेज सांगेल तसा भरणा, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि दहा-बारा पासपोर्ट फोटो सोबत ठेवा. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा आणि जमा केल्याची सहीशिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पीएफ आणि कर्जाच्या कामांना त्याच कागदांच्या प्रती पुढचे काही महिने लागत राहतात.